खान्देशात दिव्यांग मुलांसाठी उन्हाळी शिबिर घ्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आम्हाला फोन येऊ लागतात. कधी एखादे शिक्षक असतात, कधी गावातल्या मंडळाचा कार्यकर्ता, तर कधी व्हीलचेअरवर बसणाऱ्या मुलीचे वडील. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवले आहेत. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडणं), स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा पूर्ण न जुळणं), पाठीच्या कण्याची दुखापत, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू क्षीण होत जाणं), जन्मतः किंवा अपघाताने हात-पाय नसणं अशा शारीरिक अपंगत्वाच्या मुलामुलींपुरतंच हे लिखाण आहे. अंध किंवा कर्णबधिर मुलांच्या शिबिराची तयारी वेगळी असते.

शिबिरात फिजिओथेरपी असते का? मुलात काय सुधारणा होईल?

पालकांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि त्यामागचा जीव समजतो. पण शिबिर म्हणजे उपचार नाही, सुट्टी आहे. या मुलांचं वर्ष दवाखाना, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), व्यायाम आणि पुन्हा दवाखाना यात जातं. इतर मुलं उन्हाळ्यात मामाच्या गावाला जातात, नदीवर जातात, उसाच्या रसाच्या गाडीवर भांडतात. तेवढं यांनाही मिळावं, इतकंच शिबिराचं काम. रोजचे स्नायू ताणायचे व्यायाम असतील तर ते सकाळी अंघोळीनंतर होतील, कारण चार दिवस चुकले तर अंग आखडतं. त्यापलीकडे दिवस खेळाचा.

ही कुणाची मेहेरबानीही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सांस्कृतिक जीवन व करमणुकीसाठी कलम २९ आहे आणि खेळांसाठी कलम ३०. गावच्या बैठकीत कुणी ‘यांना शिबिर कशाला?’ म्हणालं, तर ही दोन कलमं शांतपणे वाचून दाखवा.

खान्देशात आणि तेही मे महिन्यात? उन्हाचं काय करायचं?

भुसावळ-जळगावचा पारा मेमध्ये ४५ अंशांपलीकडे जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण ऊन सगळ्यांच्या अंगाला सारखं लागत नाही, हे मात्र सांगावं लागतं.

पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झाली असेल तर इजेच्या खाली घाम नीट येत नाही. आपलं अंग घामाने गार होतं, त्या मुलाचं आतल्या आत तापत राहतं आणि वरून काही दिसत नाही. लघवीवर ताबा राहावा म्हणून काही मुलं ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधं घेतात, त्यांनीही घाम कमी होतो. ‘घाम नाही, म्हणजे बरं आहे’ हा आपला नेहमीचा हिशोब इथे उलटा पडतो. अशा मुलाच्या गळ्यात ओला पंचा, हाताशी पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आणि दर तासाला कपाळ-मान-पाठ तपासणारा एक ठरलेला माणूस हवा. मानेजवळच्या इजेची मुलं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: त्यांना दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरात बोलवा.

दिवसाचे दोन तुकडे करा, सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९. मधला सगळा वेळ आत: कॅरम, गोष्टी, चित्रं, झोप. पाहुण्यांच्या सत्कारासाठी मुलांना अकरा वाजता मंडपात बसवू नका. पाहुण्यांना संध्याकाळी बोलवा, तेही खुश राहतात.

आपला उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे डेझर्ट कूलर इथे उत्तम चालतो. फक्त खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर खोली दमट होते. मृगाच्या सुमारास हवेत ओल आली की कूलरचा उपयोग संपतो, म्हणून शिबिर मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. लाइट जाणार हे धरूनच चाला. बॅटरीवरची व्हीलचेअर, हवेची गादी, कूलर यांपैकी इन्व्हर्टरवर काय काय चालेल ते आधी बघून ठेवा.

आणि उन्हात उभी राहिलेली व्हीलचेअर! तिचा लोखंडी दांडा तव्यासारखा तापतो. ज्याच्या पायाला संवेदना नाही त्याला पोटरी टेकलेली कळत नाही, फोड आल्यावरच कळतं. खुर्ची सावलीत ठेवा, बसवण्याआधी स्वतःचा हात लावून बघा आणि पायाच्या पट्टीवर जुनं सुती कापड गुंडाळा.

सगळ्यात आधी काय करायचं? रॅम्प?

नाही. आधी संडास-बाथरूम.

आमच्या दुसऱ्या वर्षी एका शाळेच्या वसतिगृहात शिबिर होतं. रॅम्प नवा कोरा होता, आम्ही त्याचे फोटोही काढले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तेरा वर्षांची एक मुलगी खुर्चीतच मान टाकून पडली. ओठ कोरडे, अंग भट्टीसारखं तापलेलं. ओल्या चादरीत गुंडाळून, पंखा लावून तिला दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत ती सावरली. खोलीत परत आलो तर तिची पाण्याची बाटली उशाशी होती, सकाळी भरलेली, तशीच गळ्यापर्यंत. विचारलं तेव्हा तिने भिंतीकडे बघत सांगितलं, “पानी पिधं का मंग जानं पडस. आनी त्या दोन जन माले उचलतस.”

संडासचं दार मोजलं, चोवीस इंच. तिची खुर्ची सव्वीस. दिवसातून चारदा दोन परक्या बायांनी उचलून नेण्यापेक्षा तिने तहान पत्करली होती. त्या दिवसापासून आमच्या कामाचा क्रम बदलला. मूल पाणी पीत नसेल तर आधी संडासचं दार मोजा.

मोजमापं अशी: दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं. आत खुर्ची गोल फिरेल अशी दीड मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा. कमोड जमिनीपासून ४५ ते ४८ सेंमी उंच, म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या पातळीत. बाजूला भिंतीत पक्के रोवलेले, पूर्ण भार पेलणारे दांडे. टॉवेलची दांडी चालत नाही, ती उपटून हातात येते. नळ, मग, साबण, कडी हे सगळं बसल्या हाताला पोचणारं.

एवढं बांधकाम जमणार नसेल तर तात्पुरते उपाय आहेत. दार बिजागरीतून काढून जाड पडदा लावला की दीड-दोन इंच हमखास मिळतात. भारतीय भांड्यावर मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची ठेवता येते. मोकळ्या जागेत पत्र्याचा आडोसा करून प्रशस्त न्हाणीघर उभं करता येतं.

कॅथेटर (लघवी काढायची नळी) वापरणाऱ्या मुलांसाठी वेगळी स्वच्छ खोली हवी, आत टेबल, आरसा, हात धुवायला पाणी आणि झाकणाची कचरापेटी. दर चार ते सहा तासांनी नळीने लघवी काढावी लागते. शिबिराचं वेळापत्रक या वेळांभोवती लावा, उलट नाही. मुलींसाठी मदतनीस बाईच हवी, आणि पाळीची सोय आईने विचारण्याआधी आपण सांगावी.

मग रॅम्प किती लांब?

उंचीच्या बारापट. एक वीत म्हणजे नऊ इंच चढ असेल तर नऊ फूट, दोन फुटांचा ओटा असेल तर चोवीस फूट. रुंदी निदान १२० सेंमी, दोन्ही बाजूंना कठडा, वर-खाली खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा. दोन फळ्या टाकून ‘आम्ही ढकलू ना’ म्हणणारे उत्साही लोक भेटतील, त्यांना थांबवा. गुळगुळीत फरशीचा उतार नको. सिमेंट ओलं असताना झाडूने रेघा ओढल्या की पकड येते.

शाळेचं मैदान काळ्या मातीचं आहे. चालेल का?

तसंच नाही चालणार. मेमध्ये काळ्या रानाला हाताच्या बोटाएवढ्या भेगा पडतात आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं नेमकी त्यांत अडकतात. खुर्ची जागेवर थांबते आणि मूल पुढे फेकलं जातं. कुबडीचं टोकही असंच रुततं. सगळं मैदान करत बसू नका. खोली, बाथरूम, जेवणाची जागा आणि खेळाची जागा यांना जोडणारी दीड मीटर रुंदीची एक वाट मुरूम आणि दगडाची कच टाकून, पाणी मारून, रोलरने दाबून घ्या. ग्रामपंचायतीच्या रस्त्याचं काम चालू असेल तर त्याच रोलरला एक तास मागा. ऐनवेळी प्लायवूडच्या फळ्याही चालतात, फक्त त्यांच्या कडा जमिनीसरशी बसवा.

तोरणमाळला किंवा पालला नेऊ का? तिथे गार असतं.

मन माझंही होतं. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे आणि जळगावच्या मानाने मेमध्ये तिथे खरंच सुख असतं. रावेर तालुक्यातलं पालही सातपुड्याच्या कुशीत आहे. पण मुक्कामाचं शिबिर तिथे नेण्याआधी स्वतः जाऊन या, आणि सोबत व्हीलचेअर वापरणारा एक मोठा माणूस न्या. तो तुम्हाला दहा मिनिटांत सांगेल ते दहा फोटोंत दिसत नाही. घाटात बसून-बसून कमरेखाली किती दाब येतो, मुक्कामाच्या जागी पाणी दिवसातून किती वेळ असतं, फोनला रेंज कुठे आहे आणि रात्री दोन वाजता दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल, हे चार मुद्दे तपासा. शेवटचा आकडा तासाच्या वर गेला तर आम्ही मुक्काम तालुक्याच्या गावी ठेवतो आणि डोंगरावर एका दिवसाची सहल काढतो.

प्रवासाबद्दल एक गोष्ट. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण पायऱ्या उंचच असतात. म्हणून लोक मूल खुर्चीसकट छोट्या हत्तीत, म्हणजे मालवाहू टेम्पोत चढवतात. असं करू नका. मूल गाडीच्या सीटवर पट्टा लावून, खुर्ची मागे घडी करून. चालत्या गाडीत मोकळी व्हीलचेअर एका ब्रेकला उलटते.

उनपदेवच्या गरम पाण्यात अंघोळ घातली तर?

श्रद्धा असेल तर दर्शनाला जरूर न्या. पण ज्याच्या पायाला गरम-गार कळत नाही त्याला झऱ्यात बसवू नका, भाजतं आणि कळत नाही. शिबिरातल्या अंघोळीलाही हेच लागू आहे: पाणी आधी आपल्या कोपराने बघायचं.

खेळ कोणते घ्यायचे? बसून काय खेळणार?

‘बसून काय खेळणार’ हा प्रश्न मी आता मुलांनाच विचारतो, आणि यादी संपत नाही.

बोचा हा खेळ सेरेब्रल पाल्सीच्या खेळाडूंमुळे पुढे आला आणि १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. एक पांढरा चेंडू पुढे टाकायचा आणि आपले चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ पाडायचे. म्हणजे आपला गोट्यांचाच भाऊ. हाताने टाकता येत नसेल तर पायाने लोटा, तेही नसेल तर उतरत्या पन्हाळीवरून सोडा. अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी पाइपची पन्हाळ झकास होते. दिशा कुठली आणि उंची किती, हे मूल सांगणार. मदतनीसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं आणि फक्त ऐकायचं. हा नियम खेळातलाच आहे, आणि मला तो फार आवडतो.

क्रिकेट हवंच असतं. प्लास्टिकचा चेंडू, लहान खेळपट्टी, पळायला जोडीदार, एवढ्यावर भागतं. पण प्रत्येक मुलाने आपला नियम स्वतः सांगायचा. ‘मला दोन टप्पे’, ‘मला एकच, पण जोरात टाक’. मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलाला दमेपर्यंत खेळवू नका. त्याचे स्नायू आपल्यासारखे व्यायामाने भरून येत नाहीत, अतिश्रमाने झिजतात. त्याला कप्तान करा, पंच करा, धावफलक द्या, आणि थांबावंसं वाटलं की थांबायची मोकळीक द्या.

दुपारी बिबड्या-कुरडयांचं काम काढा. खान्देशात उन्हाळ्यात घरोघरी ते चाललेलंच असतं आणि घरची मंडळी या मुलांना त्यात धरत नाहीत. खाली बसता येत नसेल तर टेबलाखाली गुडघे जातील अशी निदान ७० सेंमी मोकळी उंची ठेवा. हाताला कंप असलेल्या मुलाचा बिबडा वाकडा होतो, पण तळल्यावर तो पहिला संपतो, कारण त्यावर त्याचं नाव सांगितलेलं असतं.

आता झोका. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, शिबिराच्या दिवसांतच येते. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके लागतात, गाणी सुरू होतात. एका वर्षी संध्याकाळी पलीकडच्या वाड्यातून गाण्यांचा आवाज येत होता आणि आमची एक मुलगी, सेरेब्रल पाल्सीची, पाय कात्रीसारखे आखडलेले, एकदम म्हणाली, “माले बी झोका खेळनं शे.” आम्ही मोठी माणसं गप्प झालो. कुणी म्हणालं पडेल, कुणी म्हणालं तिच्या आईला काय सांगू.

गावातला सुतार हाक मारताच आला. त्याने रुंद फळी घेतली, मागे टेकायला दुसरी फळी बसवली, बाजूंना हात ठेवायला पट्ट्या. जुन्या जीपचा पट्टा कमरेला. दोन्ही मांड्यांमध्ये गुंडाळलेली गोधडी, म्हणजे पाय कात्रीत जाणार नाहीत. दोर चार ठिकाणी बांधला, त्यामुळे फळी कलंडेना. आधी सुतार स्वतः बसला, मग मी, मग तिची आई. आई झोक्यावर बसली तेव्हा लाजली आणि उतरेचना. मग मुलगी. पहिले चार हेलकावे तिने डोळे घट्ट मिटले होते. पाचव्याला उघडले आणि ओरडली, “अजून!” तो झोका आता आमच्या सामानात कायमचा आहे.

पोहायला न्यायचं का?

जमत असेल तर हो. पाण्यात अंग हलकं होतं, जमिनीवर न उचलणारा पाय तिथे उचलतो. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्ण घेऊन आले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. ही गोष्ट आम्ही तलावाच्या काठावर बसूनच सांगतो.

पण विहीर, धरण, नदीचा डोह नको. तलावच हवा, एका मुलामागे पाण्यात एक पोहणारा मोठा माणूस हवा, आणि फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरवायचं नाही. तलावाची खरबरीत कड बधिर पायांना सोलते, म्हणून पातळ मोजे घाला.

सजावटीला फुगे लावले तर चालतील?

नकोत. स्पायना बिफिडाच्या अनेक मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी असते आणि ती कधी कधी जिवावर बेतते. फुगे, रबरी हातमोजे, काही रबरी चेंडू, सगळ्यांत लॅटेक्स असतं. झेंडूची माळ आणि कागदी पताका लावा. अशा काही मुलांना केळीनेही त्रास होतो. केळीच्या मुलखात कुणाच्या मनातही येणार नाही असा हा प्रश्न, पण फॉर्ममध्ये तो विचारा.

आई सोबत राहू शकते का?

यावर आमच्यात दरवर्षी चर्चा होते, म्हणून थोडं सविस्तर.

आई जवळ असेल तर मूल सुरक्षित असतं हे खरं. पण ती जवळ असली की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देते. “काय खाशील?” विचारलं की “तो भात खातो.” “तुला गरम होतंय का?” “नाही, त्याला सवय आहे.” बारा-चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या अंगाबद्दल स्वतः कधी काही सांगितलेलंच नसतं. आणि उद्या आई नसेल तेव्हा?

म्हणून आम्ही टप्प्याने जातो. पहिलं वर्ष फक्त दिवसाचं शिबिर, संध्याकाळी घरी. शेवटची एक रात्र मुक्काम, आईची सोय त्याच गावात पण वेगळ्या घरी. पुढच्या वर्षी तीन रात्री. आईकडून आधी अर्धा दिवस बसून शिकायचं: भरवायचं कसं, उचलायचं कसं, कुठल्या बाजूवर झोपतो, नाराज झाला की काय करतो. सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांना गिळायला त्रास असतो, त्यांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोट्या घासांनी भरवावं लागतं. हे पुस्तकातून येत नाही, त्याच्या आईच्या हाताकडे बघून येतं.

मात्र नंतर मुलालाच विचारायचं, आईसमोर नाही. “तुले काय जोयजे?” एवढं विचारून थांबायचं. बोलायला वेळ लागणारी मुलं असतात. वाक्य आपण पुरं करायचं नाही.

आणि त्या आयांचं काय? वर्षानुवर्षं अखंड झोप न मिळालेल्या बाया असतात त्या. एक आई मुलाला सोडून गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करून म्हणाली, “भाऊ, मी सकाळी नऊपर्यंत झोपले.” तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटत होतं. आम्ही सांगितलं, आज पण झोपा.

स्वयंसेवक कुठून आणायचे आणि त्यांना काय शिकवायचं?

महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं हाताशी असतात, उत्साहीही असतात. दोन दिवस आधी बोलवा. पहिल्या दिवशी त्यांना स्वतः व्हीलचेअरवर बसवून गावात फिरवा आणि उतार, उंबरा, गटाराची जाळी कशी लागते ते कळू द्या. मग मुख्य गोष्टी: विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही, ती त्याच्या अंगाचाच भाग आहे. उतारावरून खुर्ची उलटी, आपली पाठ उताराकडे करून उतरवायची. मुलाला काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. बसवताना-उठवताना ब्रेक आधी.

‘बिचारा’, ‘देवाची करणी’ हे शब्द शिबिरात बंद. दिव्यांग म्हणायचं की अपंग, हे ज्याचं त्याला विचारा, दोन्ही पसंत करणारे लोक आहेत. नावाने हाक मारली की हा प्रश्न उरतच नाही.

एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत मुलासोबत राहायचं नाही. अंघोळ-कपड्यांच्या वेळीही दुसरं कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवंच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, स्वयंसेवकांना तो पहिल्या दिवशी समजावून सांगा. दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या मुलाला ‘नको’ म्हणायचा सराव नसतो, म्हणून जबाबदारी आपली.

मुलं नंदुरबारकडची आहेत, मराठी कमी कळतं.

मग पावरी किंवा भिली बोलणारा स्वयंसेवक घ्या. अहिराणी येते म्हणून भागेल असं समजू नका. दुखतंय कुठे आणि कसं, हे मूल स्वतःच्या बोलीतच नीट सांगतं.

आणि सिकलसेल?

२०१६ च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही समावेश आहे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो पुष्कळ आढळतो. काही मुलांच्या खुब्याचं हाड त्याने खराब झालेलं असतं, ती लंगडत येतात आणि आपण पोलिओ समजतो. या मुलांना पाणी कमी पडणं, अतिश्रम आणि एकदम गार पाण्यात उडी, या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. ताप आला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

रात्री झोपायची व्यवस्था?

आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात, आणि चालता न येणारं मूल वर्षानुवर्षं एकटंच खाली खोलीत झोपतं. म्हणून आम्ही सगळ्यांनाच अंगणात झोपवतो, बाजा टाकून, चांदण्यांखाली. गप्पा तिथेच रंगतात. सुंभाच्या बाजेवर मात्र जाड गादी हवी, कारण बधिर कातडीवर दोराचे वळ उठतात आणि त्यांची जखम होते. स्वतःहून कूस बदलता न येणाऱ्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, त्यासाठी रात्रीची पाळी लावा. दिवसाही खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी बूड उचलून किंवा कलून दाब सोडायचा असतो. मुलं खेळात विसरतात, कुणीतरी शिट्टी वाजवा. मच्छरदाणी हवीच. सकाळी बूट-कॅलिपर झटकून घाला, विंचवाचे दिवस असतात.

काही झालं तर? कोणत्या गोष्टी प्रत्येकाला माहीत हव्यात?

उष्माघात: सावली, ओली चादर, पंखा, १०८ ला फोन. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. शुद्धीवर असेल तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कण्याला छातीच्या मध्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्या मुलाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, तर रक्तदाब झपाट्याने वाढत असतो. झोपवू नका. ताठ बसवा, पट्टे आणि कपडे सैल करा, लघवी तुंबली आहे का किंवा कॅथेटरची नळी पिळली आहे का ते बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. लगेच उतार पडला नाही तर १०८.

स्नायूंचा ताठपणा कमी करणारं बॅक्लोफेनसारखं औषध एकदम बंद झालं तर फिट येऊ शकते. म्हणून घरून आलेली औषधं एका जबाबदार माणसाकडे, नावाच्या डब्यात, आणि दोन दिवसांची जास्तीची.

गावातली इतर मुलं आली तर चालतील? आणि मोठी माणसं?

दोन्ही हवीत. भावंडांना तर आवर्जून बोलवा, कारण घरात त्यांच्या वाट्यालाही कमी आलेलं असतं. मोठ्यांपैकी पोलिओ झालेले लोक सोन्यासारखे असतात. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला, त्यामुळे आता पोलिओवाली लहान मुलं सहसा दिसत नाहीत. पण प्रत्येक गावात कुबडीवर दुकान चालवणारा, तीनचाकीवरून दूध घालणारा कुणीतरी आहे. त्याला जेवायला बोलवा. मुलं त्याला जे विचारतात ते आपल्याला कधी विचारणार नाहीत: लग्न कसं झालं, पडलात तर कसे उठता.

पैसे कुठून आणायचे?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी अर्ज द्या, बाथरूम-रॅम्पसारख्या कायमच्या कामासाठी मागा, म्हणजे ते गावालाही राहतं. धान्य, दूध, आंबे लोक आनंदाने देतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, शिबिराच्या निमित्ताने पालकांना तिचे फॉर्म भरून द्या.

एका बाबतीत आम्ही हटून बसतो. देणगीदाराच्या बॅनरखाली मुलांना रांगेत बसवून फोटो नाही. त्यामुळे दोनदा देणगी गेली. तरीही नाही.

तयारी कधी सुरू करायची?

फेब्रुवारीत. आधी मुलं ठरवा, मग जागा. प्रत्येक मुलाच्या घरी जा, त्याच्या खुर्चीची रुंदी मोजा, घरात तो काय काय स्वतः करतो ते बघा, आणि त्याला विचारा की शिबिरात काय करायला आवडेल. ती मापं घेऊन जागेवर जा, प्रत्येक दाराला टेप लावा. मार्चमध्ये बाथरूमचं काम, एप्रिलमध्ये वाट आणि रॅम्प, शेवटच्या आठवड्यात स्वयंसेवक. झोक्याची फांदीही तेव्हाच निवडा. चैत्रात कडुलिंबाला नवी पालवी फुटली की कोणती फांदी वाळकी आहे ते खालूनच कळतं.